सखूबाईंचा नेम आणि माझा श्वास

"वर काही ठेवायचं न्हाई हां, सखूबाई. ह्याचा श्वास वरच्या अंगानं चालतो. फुलदाणी न्हाई, फोटो न्हाई, साधा रुमालसुद्धा न्हाई."

हे जहांगीरभाईंचे शब्द. मार्गासनीच्या त्या घरात मला पहिल्यांदा ठेवलं, तेव्हा माझ्या पाठीवर तळहात टेकून ते हे बोलले होते. तो हात मला अजून आठवतो.

मित्रांनो, मी एक जुना रिसीव्हर आहे. होम थिएटरचा रिसीव्हर. तुमच्यापैकी कुणी म्हणेल, म्हणजे टीव्हीखालची ती काळी पेटी ना? होय, तीच. टीव्हीकडे सगळे बघतात, स्पीकरांचं सगळे ऐकतात, माझ्याकडे मात्र धूळ पुसतानाच कुणाचं लक्ष जातं. त्याची मला खंत नाही. पंगतीत जेवणारे लाडवांचं कौतुक करतात, वाढप्याचं कोण करतं? आणि माझं काम वाढप्याचंच आहे. आवाजाचं भरलेलं पातेलं माझ्यापुढे येतं आणि मी ज्याच्या त्याच्या पानात ज्याचं त्याचं वाढतो. पुढच्या दोन स्पीकरांना गाणं. मागच्या दोघांना पाऊस, पाखरं, टाळ्या. कोपऱ्यातल्या जाड ठोकळ्याला ढोल आणि ढगांचा गडगडाट. आणि टीव्हीच्या बरोबर खाली जो मधला स्पीकर असतो, त्याला माणसांचं बोलणं. त्या मधल्या पानावर माझा जीव सगळ्यांत जास्त. का, ते पुढे कळेलच.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कारखान्यात झाला. तिथे पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी माझ्या पोटात तारा गुंफल्या, कथलाचे बारीक डाग दिले, वर जाळीचं झाकण लावलं. मग थर्माकोलच्या गादीवर निजून मी जहाजातून आलो आणि कात्रजचा घाट टेम्पोत बसून उतरलो. भोरच्या बाजारपेठेत जहांगीरभाईंचं रेडिओ-टीव्हीचं दुकान होतं. तिथल्या काचेच्या कपाटात मी राहिलो. जहांगीरभाई रोज सकाळी दुकान उघडलं की माझं मोठं गोल बटण दोन बोटांत धरून हलकेच फिरवायचे. माझ्या पोटात रेडिओही आहे बरं का. बटण फिरलं की आकाशवाणी लागायची, बातम्या व्हायच्या आणि मगच जहांगीरभाई पहिला चहा घ्यायचे.

एके दिवशी धनाजी आला. मार्गासनीचा तरणा गडी, डोंगराकडच्या पाली गावापासून खालपर्यंतच्या गावांतलं दूध टेम्पोतून डेअरीला नेणारा. त्याला सिनेमाचं वेड. त्याच्याबरोबर त्याची आई सखूबाई होत्या. धनाजी आवाज किती मोठा होतो ते विचारत होता. सखूबाईंनी एवढंच विचारलं, "ह्याच्यात कीर्तन नीट लागंल ना?"

"लागंल की," जहांगीरभाई म्हणाले. "बुवा शेजारी बसून बोलल्यासारखे वाटतील."

"मंग द्या."

मला बसवायला जहांगीरभाई स्वतः एसटीनं आले, खांद्यावर वायरींचं भेंडोळं घेऊन. त्यांनी विचारलं, "ह्या घरात कानानं कमी कोण हाय?" धनाजी हसला आणि त्यानं आईकडे बोट केलं. सखूबाईंचे कान तेव्हापासूनच थोडे जड होते. त्यांची बसायची जागा ठरलेली, खिडकीपाशी, पाटावर. जहांगीरभाईंनी त्या पाटावर एक डबा पालथा घातला आणि त्यावर माझ्या वायरीचा इवलासा माईक ठेवला. म्हणाले, "आता हा एकेका स्पीकरला बोलावून बघंल आणि ह्या पाटावर किती पोचतंय ते मोजंल. कुणी बोलू नका."

मी 'फुर्रर्र' असा आवाज एकेका स्पीकरमधून काढू लागलो. सखूबाईंना वाटलं, हा काहीतरी विधी चालला आहे. त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडून उभ्या राहिल्या. तेवढ्यात कोंबडी आत आली आणि कॉक-कॉक करत पाटाला प्रदक्षिणा घालू लागली. मला सगळं मोजमाप पहिल्यापासून करावं लागलं! अशा रीतीनं, मित्रांनो, त्या घरातला सगळा आवाज एका म्हातारीच्या पाटासाठी बेतला गेला.

निघताना जहांगीरभाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली मी तुम्हाला सांगितलीच, वर काही ठेवू नका. दुसरी दाराशी चपला घालता घालता म्हणाले, "आणि कधी हा थकला, तर भंगारवाल्याला देऊ नका. माझ्या हातून गेलेली चीज हाय. तुमी सोता आणून द्या माझ्याकडं, चहा प्यायला या त्या निमित्तानं."

"दिला शब्द," सखूबाई म्हणाल्या.

मग माझी सुखाची वर्षं सुरू झाली. धनाजीच्या सिनेमाला निम्मी आळी जमायची. मारामारी सुरू झाली की दारातली मुलं उंबऱ्यावरून आत सरकायची, भूत आलं की बाहेर पळायची. धनाजीचं लग्न झालं, नूतन सून म्हणून घरी आली. पहिल्याच आठवड्यात तिनं माझ्या मागच्या सगळ्या वायरींना रंगीत दोरे बांधले, कुठली कुठं जाते ते कळावं म्हणून. मला ती तेव्हाच आवडली.

पण माझी खरी वेळ संध्याकाळची. सखूबाई देवापुढे दिवा लावायच्या, तुळशीला उदबत्ती दाखवायच्या आणि पाटावर येऊन बसायच्या. त्यांचा नेम होता. टीव्हीवरचं सातचं कीर्तन ऐकल्याशिवाय रात्रीचा घास तोंडात घालायचा नाही. सोमवार, चतुर्थी, एकादशी हे उपास वेगळे, हा नेम रोजचा. टाळ मागच्या स्पीकरांत, मृदंग ठोकळ्यात, आणि बुवांचं बोलणं मधल्या स्पीकरमधून थेट पाटाकडे. बुवा एखादं वाक्य छान बोलले की सखूबाई मान डोलवायच्या, आणि ती डोललेली मान हीच माझी बिदागी.

आता माझ्या आजारपणाचं सांगायला हवं. दोष कुणाचा नाही, आधीच सांगतो.

पहिल्या दसऱ्याला घरातल्या विळ्या-कोयत्यांबरोबर, टेम्पोबरोबर माझीही पूजा झाली. मला हळदकुंकू लागलं, माझ्यावर अक्षता पडल्या, झेंडूचा हार आला. मला काय आनंद झाला सांगू! परदेशातून आलेल्या पेटीला घरचं माणूस मानलं होतं. थोड्या अक्षता जाळीतून आत पडल्या, हाराच्या पाकळ्या वाळून आत गेल्या. मी म्हटलं, राहू दे, प्रसाद आहे.

त्या हिवाळ्यात सखूबाईंनी पांढऱ्या दोऱ्याचा एक रुमाल विणला. कडेला मोर होते. तो त्यांनी माझ्यावर पसरला आणि जरा मागे सरून बघितलं.

नूतन म्हणाली, "आत्या, जहांगीरचाचा म्हनलं व्हतं ना, वर काही ठेवू नका?" सुनेनं सासूला आत्या म्हणायची आमच्याकडे रीत आहे.

"अगं, ते जड काही ठेवू नका म्हनलं असतील. रुमालाचं काय वजन? उघडंबोडकं बरं दिसत न्हाई गं. देवाचं ऐकवतोय तो."

आणि मग त्या रुमालावर देवाचा फोटो आला. फोटोपुढे प्लॅस्टिकची फुलं आली. घरच्या मांजरीला तर शोधच लागला, की या घरात सगळ्यांत उबदार जागा माझी पाठ आहे. ती फोटोमागे अंगाचं वेटोळं करून झोपायची. उन्हाळ्यात मला गुदमरायला व्हायचं. ऐन रंगात येऊन मी 'टक्' करून बंद पडायचो. खरं तर ते माझं शहाणपण होतं. फार तापलो की मी स्वतःच डोळे मिटतो, जळून जाऊ नये म्हणून. पण घरात म्हणायचे, "म्हातारा झाला बिचारा." मग सखूबाई माझ्यावरचा रुमाल आणखी नीट पसरायच्या, आजारी माणसाच्या अंगावर पांघरूण घालावं तसा!

जहांगीरभाईंनी वयामुळे दुकान बंद केलं आणि ते भोरलाच घरी बसले. त्यांचा मुलगा एहसान यानं कापूरहोळच्या फाट्यावर नवं दुकान काढलं, पुढे विक्री आणि मागे दुरुस्ती. तो अधूनमधून मला बघायला यायचा. आला की आधी रुमाल काढून घडी करायचा, गेला की सखूबाई ती घडी उलगडायच्या. असं बरेच दिवस चाललं.

आणि एका संध्याकाळी, कीर्तन ऐन भरात असताना, माझ्या पोटात काहीतरी कायमचं तुटलं. टाळ वाजत होते, मृदंग वाजत होता, पण मधल्या स्पीकरच्या पानात मला काही वाढताच येईना. बुवांचं बोलणं आत कुठंतरी अडकून राहिलं.

सखूबाई पाटावर थोड्या पुढे सरकल्या. मग आणखी पुढे. मग पाट सोडून टीव्हीपाशी जाऊन बसल्या.

कीर्तन संपलं. नूतननं ताट केलं. सखूबाई म्हणाल्या, "मला नगं."

"का? बरं न्हाई का?"

"ऐकायला आलं न्हाई. मंग नेम झाला कसा?"

धनाजी म्हणाला, "आये, टीव्ही तर चालू व्हता की!"

"चालू व्हता. बुवांचं तोंडबी हलत व्हतं. तोंड हललं म्हंजी कीर्तन झालं का रं? मंग आपल्या म्हशीनं रवंथ केला तरी कीर्तनच की."

धनाजीला हसू आलं, पण ताट तसंच राहिलं. सखूबाईंनी गुळाचा खडा खाल्ला, वर पाणी घेतलं आणि अंथरुणाला पाठ टेकली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी धनाजीनं नुसत्या टीव्हीचा आवाज वाढवला, पण आजकालच्या चपट्या टीव्हीचा आवाज मागच्या भिंतीकडेच जातो. भिंतीनं सगळं कीर्तन ऐकलं, सखूबाईंनी नाही. कानात घालायचं यंत्रही घरात होतं, पण ते शीळ घालायचं, म्हणून त्याला सखूबाईंनी केव्हाच डबीत बंद केलं होतं. नूतन मोठ्यानं बुवांची वाक्यं सांगू लागली. सखूबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. "तुझा आवाज बसंल गं. आनि तू कीर्तन करतीस, तर भाकऱ्या कोन करनार?"

त्या कुणावर रागावल्या नाहीत. त्यांचा आवाजही कधी चढला नाही. पण त्यांचा चेहरा उतरत चालला होता आणि मी समोर बसून ते पाहत होतो. मित्रांनो, वाढप्याच्या डोळ्यांदेखत पंगतीतलं एक माणूस उपाशी उठावं आणि वाढप्याच्या हातात पळीच नसावी, याहून मोठं दुःख मला माहीत नाही.

शेवटी धनाजीनं दुधाची खेप उरकली, मला गोधडीत गुंडाळलं आणि टेम्पोत घातलं. शेजारी आई आणि बायकोला बसवलं आणि आम्ही सगळे कापूरहोळला गेलो.

एहसाननं माझं झाकण उघडलं. आत डोकावला. मग म्हणाला, "मावशी, जरा हिकडं या."

सखूबाई वाकल्या. माझ्या पोटात काळवंडलेल्या अक्षता होत्या. कुंकवाची पुटं होती. झेंडूच्या पाकळ्या, मांजरीचे केस, आणि जळून तपकिरी झालेले पांढऱ्या दोऱ्याचे बारीक तुकडे.

"दरसाली दसऱ्याला नवीन हार व्हता वाटतं," एहसान हसत म्हणाला.

सखूबाईंनी तोंडावर पदर धरला. "म्हंजी म्याच मारला ह्याला?"

"मारला न्हाई हो. लई माया केली. श्वास घ्यायला जागा उरली न्हाई, एवढी केली." एहसाननं फुंकणीच्या यंत्रानं माझं पोट झाडलं. किती हलकं वाटलं, काय सांगू! "पुढचे दोन स्पीकर हा अजून झकास चालवंल. रेडिओबी चालू हाय. पन मधला गेला तो गेला. त्याचा भाग आता कुठं मिळत न्हाई. तुमाला नवाच बघायला लागंल."

"जहांगीरभाईंनी सांगितलं व्हतं मला," सखूबाई हळूच म्हणाल्या. "कसं हायत ते?"

एहसान मोठ्यानं, हळूहळू बोलला, त्यांना कळावं म्हणून. "तब्येत ठीक हाय. डोळ्याला दिसत न्हाई आता फारसं. बातम्या मोबाईलवर ऐकत्यात, पन काचेवर बोट कुठं ठेवायचं ते कळत न्हाई, भलतंच काहीतरी लागतं. मंग चिडत्यात. म्हनत्यात, गोल फिरवायचं बटण पायजे माणसाला."

सखूबाईंनी माझ्या मोठ्या गोल बटणाकडे बघितलं.

आणि आता नवा रिसीव्हर निवडायचा समारंभ सुरू झाला. मी काऊंटरवर बसून सगळं पाहत होतो. एहसाननं आधी एक भला थोरला काढला. त्याला छतातसुद्धा स्पीकर लावता येत होते. धनाजीचे डोळे चमकले. एहसाननं सिनेमाचा एक तुकडा लावला. धडाम! दुकानाच्या फळ्यांवरची रिकामी खोकी हलली. बाहेर ढाब्यावरचं कुत्रं उठून रस्त्यापलीकडे गेलं.

"बघ आये, काय वाजतंय!"

"लढाई हाय व्हय रं ही?"

"व्हय!"

"मंग ती हितंच असू दे. आपल्या घरात नगं."

एहसान हसायला लागला. धनाजी म्हणाला, "आगं, पन ह्यात कीर्तनबी लागंल की."

"लागंल ते ऐकून घेऊ. आमी मडकं घेताना वाजवून घेतो, तसं ह्याला वाजवून घेऊ. नूतन, तुझ्या मोबाईलवर परवाचं कीर्तन हाय न्हवं?"

नूतननं मोबाईल जोडायला दिला. सखूबाई दुकानातल्या स्टुलावर बसल्या आणि त्यांनी चक्क टीव्हीकडे पाठ केली. "बुवांचं तोंड दिसलं की मला ऐकू आल्यावानी वाटतं. तसं नगं. जे ऐकू येईल ते मी बोलून दावीन."

थोरला वाजू लागला. काय तो मृदंग! पोटात घुमला. टाळ तर अंगावर उधळल्यासारखे. आम्ही सगळे सखूबाईंकडे बघत राहिलो. त्यांचे ओठ हलले नाहीत.

"टाळ लई गोड हायत," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. "पन बुवा गप हायत."

नूतननं विचारलं, "एहसानभाऊ, ह्याची उंची किती? आमच्या शोकेसात तो जुना बसला की वर जेमतेम फोटोपुरती जागा उरायची. आता वर वीतभर जागा मोकळी राहिली पायजे." एहसाननं तिच्याकडे कौतुकानं पाहिलं आणि खालच्या फळीवरून एक दुसरा काढला. हा ठेंगणा होता. छताबिताची भानगड नाही, माझ्यासारखाच पाच स्पीकरांचा. त्याच्या समोर एक खास बटण होतं. ते दाबलं की बाकी वाद्यं थोडी मागे सरायची आणि माणसाचं बोलणं पुढे यायचं. जसं कुणी मोठं माणूस बोलायला लागलं की मुलांनी गलका थांबवावा.

एहसाननं मधला स्पीकर जोडला आणि ते बटण दाबलं.

मित्रांनो, त्या क्षणी मला मत्सर वाटायला हवा होता. पण मी मनातल्या मनात म्हणत होतो, वाढ रे बाबा, नीट वाढ. ते मधलं पान बघ.

सखूबाई पाठमोऱ्या बसल्या होत्या. त्यांची मान जराशी वर झाली. मग त्या सावकाश बोलू लागल्या, "देवाला लोणी लागत नाही... लोणी काढणारे हात लागतात... हात थकले तरी चालतील... कंटाळले नाही पाहिजेत." आणि मग त्यांची मान डोलली.

नूतननं टाळी वाजवली. एहसानच्या दुकानात मोबाईलचं कव्हर घ्यायला आलेला एक माणूसही उगाच टाळी वाजवून मोकळा झाला. धनाजीनं थोरल्याकडे एकवार प्रेमानं बघितलं, त्याच्यावर थाप मारली आणि म्हणाला, "जाऊ दे. आमच्या घरात बुवाच हिरो हायत." आणि ठेंगणा ठरला.

"जुना हितंच ठेवता का?" एहसाननं विचारलं.

"न्हाई," सखूबाई म्हणाल्या. "त्याला घरी न्यायचं. माझं काम हाय."

त्याच संध्याकाळी एहसान घरी आला. पाटावर डबा पालथा पडला, त्यावर माईक आला, 'फुर्रर्र' सुरू झालं. सखूबाईंनी आधी कोंबडी खुराड्यात घातली, मग पदर डोक्यावर घेऊन हात जोडले. या वेळी सगळ्यांनीच जोडले. मी भिंतीशी गोधडीवर बसून पाहत होतो.

सात वाजले. दिवा लागला. कीर्तन सुरू झालं. बुवा बोलू लागले आणि सखूबाई पाटावर जागच्या जागी बसून राहिल्या, एक वीतही पुढे सरकल्या नाहीत. मध्येच म्हणाल्या, "बुवांचा घसा धरलाय गं. ओवा खायाला पायजे त्यांनी." नूतननं धनाजीकडे बघितलं. बुवा खरंच खाकरले होते, इतकं हळू, की धनाजीलाही ऐकू गेलं नव्हतं!

कीर्तन संपलं. सखूबाईंनी ताट पुढे ओढलं. बाजरीची भाकरी, घेवड्याची भाजी, वर लोण्याचा गोळा. त्यांनी एक भाकरी खाल्ली, दुसरी मागितली आणि दुसरीतली अर्धी एहसानच्या ताटात घातली. "खा रं. कापूरहोळच्या ढाब्यावर असलं मिळत न्हाई."

जेवता जेवता धनाजी म्हणाला, "उद्या भंगारवाला येनार हाय. जुना देऊन टाकतो त्याला." तो हळू बोलला होता. पण त्या दिवशी सखूबाईंचे कान जागे होते.

त्यांनी वाद घातला नाही. त्या वाद घालतच नाहीत.

मित्रांनो, माझं म्हातारपण कसं जाईल ते मला माहीत नाही, पण आयुष्यानं जे शिकवलं ते तुम्हाला सांगतो. ज्याच्यावर तुमचं प्रेम आहे, त्याला झाकून टाकू नका. यंत्र असो, रोप असो, धाकटी बहीण असो. त्याच्या श्वासापुरती जागा मोकळी सोडा. पूजा जरूर करा. फक्त अक्षता वाहण्याआधी जाळी कुठे आहे ते बघा. आणि कुणी जाणत्या माणसानं दोन गोष्टी सांगितल्या असतील, त्यातली एक तुमच्या हातून मोडली, तर रडत बसू नका. दुसरी पाळायला अजून वेळ असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सखूबाईंनी तुळशीला पाणी घातलं. मग त्या आत आल्या. नव्या रिसीव्हरकडे गेल्या आणि त्यांच्या हातात तो मोरांचा पांढरा रुमाल होता. मला वाटलं, आता याचाही श्वास कोंडणार! त्यांनी रुमाल उलगडला, ठेंगण्याच्या मोकळ्या पाठीकडे पाहिलं आणि स्वतःशीच हसल्या. मग तो रुमाल त्यांनी पिळला, गोल गुंडाळला आणि त्याची छान चुंबळ केली.

ती चुंबळ डोक्यावर ठेवून त्यांनी मला उचललं आणि वर घेतलं. इतकी वर्षं तो रुमाल माझ्या पाठीवर होता. आता तो माझ्याखाली होता आणि वर मोकळं आभाळ.

अंगणात नूतन दूध मापत होती. तिनं वर बघितलं. "आत्या, कुठं निघालाय ह्याला घेऊन? ह्यांना टेम्पो काढायला सांगू का?"

"नगं. जहांगीरभाईंना सोता आणून देईन म्हनलं व्हतं." सखूबाईंनी एका हातानं मला धरलं, दुसऱ्या हातानं फाटकाची कडी काढली. "भोरची एसटी गाठते. सकाळच्या बातम्यांच्या आत पोचलं पायजे, म्हंजी त्यांचा चहा व्हईल."